दादाची खोटी शपथ आणि हॉलमधला वड

दादा, तू खोटारडा होतास.

आज तुला जाऊन वर्ष झालं. आजच्या दिवशी लोक चांगलंचुंगलं लिहितात. मला नाही जमणार. राग अजून तसाच आहे.

रिटायरमेंटला तुला कुणीतरी वडाचं बोन्साय दिलं. तू ते हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलंस. पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा फोन केलास.

"सुमे, वड मरायलाय. कॉलेजात बॉटनी शिकवतीस ना? ये की."

आले. नांदेडहून लातूर, एसटीनं.

कुंडीतून काढलं तर मुळं काळी, घाण वास. पाणी जास्त झालं होतं. सडकी मुळं कापली, वाळू मिसळून नवी माती भरली, वड खिडकीत ठेवला.
माती कोरडी लागल्याशिवाय थेंबसुद्धा घालायचा नाही, म्हणून बजावलं.

पुढच्या रविवारी मातीत बोट घातलं तर चिखल.
त्याच्या पुढच्या रविवारीही चिखल.

"दादा, पाणी कोण घालतंय?"
"म्या न्हाई. लातूरची हवाच लई दमट हाय."

ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथली हवा म्हणे दमट!

"घे माझी शपथ."
"तुझी न्हाई घेत. माझ्या गळ्याची घेतो." आणि गळ्याला चिमटा धरलास.

मी विश्वास ठेवला.

मग दर रविवारी लातूर. बसमध्ये पेपर तपासायचे, तुझ्याकडे मुळं. वहिनींची धपाटी, तुझ्या न संपणाऱ्या गप्पा.
झाड काही सुधारेना. मला वाटायला लागलं, इतकी वर्षं शिकवतेय, पण आपल्यालाच काही येत नाही.

मग एका सकाळी तुझा हार्ट अटॅक.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी रडत म्हणाल्या, "ताई, पानी हेच घालायचे. शनिवारी, तांब्याभर. म्हणायचे, वड बरा झाला तर सुमी कशाला येतीय? मला आन घातली होती, कसं बोलू?"

दादा, नुसतं 'ये' म्हणाला असतास तर आले नसते का रे?
मला फसवलंस. वहिनींना गप्प केलंस. त्या मुक्या झाडाचे हाल केलेस ते वेगळेच.

वड आता माझ्याकडे आहे, नांदेडला. चोरून पाणी घालणारं कुणी नाही, त्यामुळे मस्त फुटलाय. लोक कौतुक करतात आणि माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

आठवतं? लहानपणी कुणी खोटी शपथ घेतली की समोरच्याला 'सुटली' म्हणावं लागायचं. नाहीतर ज्याची शपथ घेतली तो मरतो, अशी आपली भीती.
मी तुझी शपथ खरी धरून बसले. मग 'सुटली' म्हणणार कोण?

मी सायन्सवाली. असलं काही मानत नाही.
श्रद्धांजली पुढच्या वर्षी वाहीन, राग गेला तर. आज एवढंच म्हणते.

सुटली, दादा.
सुटली.