कपातला चहा आणि पहिली फोर्कलिफ्ट

आमच्या कंपनीची सुरुवात रांजणगावला उसाच्या फडाला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली. आजूबाजूच्या मोठ्या कारखान्यांतल्या थकलेल्या फोर्कलिफ्ट, म्हणजे जड माल उचलणाऱ्या गाड्या, तिथे दुरुस्तीला यायच्या. मी मूळचा भांडगावचा. दौंडला आयटीआय करून इकडे खोली घेतली आणि या शेडमध्ये फिटर म्हणून लागलो. मालक मांडवगण फराट्याचे, आधी ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. दुसऱ्यांची यंत्रं खोलून खोलून कंटाळल्यावर ते एका सकाळी म्हणाले, "लोकांची बाळंतपणं लई केली. आता आपल्या घरी पाळणा हलू द्या."

पाळणा हलायला वर्ष लागलं. शेवटी आमचं स्वतःचं पहिलं यंत्र उभं राहिलं. रंगवायचं काम मालकांनी स्वतः घेतलं आणि इतक्या हौसेनं केलं की दोन कोट कमी वाटून तिसराही चढवला.

नारळ फोडायला मालकांनी सरपंच आबांना बोलावलं. मग सोसायटीचे चेअरमन आप्पा, त्यांनाही बोलवावंच लागलं, कारण एकाला बोलावून दुसऱ्याला वगळणं म्हणजे गावाशी वैर. निवडणुकीपासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आमच्या शेडपासून हमरस्त्यापर्यंतचा कच्चा रस्ताही त्यांच्याच भांडणात अडकला होता. ग्रामसभेत आबांनी विषय काढला की आप्पा विरोध करायचे, आप्पांनी काढला की आबा. पाऊस झाला की आमचे ट्रक चिखलात रुतायचे.

त्याच दिवशी शिरूरचे एक शेठ यंत्र बघायला आले. त्यांचं शीतगृह होतं. ते म्हणाले, "वजन उचलेल, ते दिसतंय. पण माझा माल नाजूक. डाळिंबाला हिसका बसला की डाग पडतो. हिसका बसत नाही, हे दाखवा."

मालकांनी इकडे-तिकडे पाहिलं. आबा आणि आप्पा शेडच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून चहा घेत होते. मालकांचे डोळे चमकले. मी मनात म्हटलं, आता काहीतरी होणार.

त्यांनी यंत्राच्या दात्यांवरच्या, माल ठेवायच्या लाकडी पॅलेटवर दोन खुर्च्या मांडून दोरीनं घट्ट बांधल्या. आज असं कुणी केलं तर आम्हीच त्याला गेटाबाहेर काढू, पण तेव्हा शहाणपण यायचं होतं. "आबा, मानाची जागा हाय. आप्पा, तुम्हीबी. कप हातातच राहू द्या."

मानाची जागा सोडायला कुणीच तयार नव्हतं. दोघं बसले. मी लिव्हर ओढला. पॅलेट वर गेली ती अशी अलगद की चहाच्या थेंबानंही कपाचा काठ ओलांडला नाही. शेठ म्हणाले, "वा! आता खाली घ्या."

मी लिव्हर ढकलला. यंत्र हललं नाही. तिसऱ्या कोटातला रंग ओघळून लिव्हरच्या सांध्यात वाळला होता.

वरून आबा ओरडले, "काय झालं रं?"

"रंग बसलाय, आबा. जॅकचा स्क्रू सैल करून उतरवतो," मी म्हणालो आणि पाना घेतला. तेवढ्यात मालकांनी हळूच माझा हात धरला आणि डोळा मारला. मग वर बघून काळजीच्या आवाजात म्हणाले, "पार्ट आणायला लागंल. पर ट्रक न्हाई येत हो आत. रस्ता न्हाई ना!"

मग आप्पा पुटपुटले, "आबा, हलू नगा. पॅलेट डुलतीय."

"मी कुठं हलतोय? तुमचंच वजान जास्त हाय."

दोघं पुन्हा बोलायला लागले, हे बघून खाली जमलेल्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. आप्पा म्हणाले, "रस्त्याचं करून टाकू एकदाचं. ठराव तुम्ही मांडा, मी अनुमोदन देतो."

"मी न्हाई. तुम्ही मांडा, मी देतो."

यावरही भांडण व्हायची चिन्हं दिसली, तसा मी घाईनं स्क्रू सैल केला. दोघं अलगद खाली आले.

उतरल्यावर आबांनी मला बाजूला घेतलं. मी बोलणी खायची तयारी ठेवली. पण ते मिशीत हसत म्हणाले, "लेका, माझ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असलाच जॅक हाय, स्क्रू सैल केला की खाली येतो. आन् तू स्क्रू म्हणालास ते काय मला ऐकू आलं न्हाई? आप्पालाबी म्हाईत होतं. पर खाली उभं राहून रस्त्याला हो म्हणलं आसतं, तर आपल्याच माणसांनी नावं ठेवली आसती. वर अडकलेल्याला कोण नावं ठेवतंय?"

शेठनी यंत्र घेतलं. रस्ता झाला. त्या रस्त्यानं शेडची कंपनी झाली, डिझेलच्या जोडीला बॅटरीवरची यंत्रं आली, बिहारची पोरं आणि शिरूरच्या मुली एकाच लाइनवर काम करायला लागल्या. आता परदेशातही माल जातो. मीही फिटरचा प्रॉडक्शन मॅनेजर झालो.

फक्त बॅटरीच्या यंत्रानं एक पंचाईत केली. ते आवाजच करत नाही. दौंडच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं यंत्र परत पाठवायची धमकी दिली. म्हणाला, "आवाज न्हाई म्हंजी ताकद न्हाई." आमच्या इंजिनिअरांनी त्याला आलेख काढून दाखवले, त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी मी उसाच्या ट्रॅक्टरचा एक भोंगा आणला आणि यंत्र सुरू झालं की वाजेल असा बसवून दिला.

"आता कसं," गिऱ्हाईक खूश होऊन म्हणालं, "यंत्र वाटतंय!"