गनी मिस्त्रीचं लिंबू

धुळ्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या आणि मिस्त्री खरा एकच, असं गनी मिस्त्री स्वतःच सांगायचा. मोटार आली की हत्याराला हात लावण्याआधी तो हकिमासारखी तिची विचारपूस करी, आणि जाताना पदरचं लिंबू-मिरची बांधून देई. नजर काही जात बघून लागत नाही, म्हणायचा. पुढं बांधलं तर शेळ्या मिरच्या खातात, म्हणून तो ते ब्रेकच्या पेडलखाली, मोटारीच्या पोटात बांधी. आणि आपल्या रस्त्यांवर दोरा टिकतोय कसला? म्हणून तारेनं. या शोधाचा त्याला कोण अभिमान!

एकोणचाळीस साली कापसाच्या जिनवाल्या कौतिक नानांची मोटार बैल जुंपून त्याच्या दारात आली. आठवडाभर रोज सकाळी बॅटरी मेलेली. नाना ड्रायव्हर हिलालवर लालबुंद झाले होते.

"हाऊ दिवा चालूच ठेईसन घर जास. यानी चूक निंघनी ते आजच घर धाडसू!"

हिलाल मान खाली घालून उभा होता. चार पोरांचा बाप, नोकरी गेली तर खाणार काय?

"कोनी चूक शे ते मी आठेच दखाडस, नाना," तिथल्या तिथं दाखवून द्यायला गनीनं जमलेल्या सगळ्या गल्लीसमोर छाती ठोकली.

त्यानं दुसरी बॅटरी जोडली, सगळी बटणं बंद केली आणि मोटारीभोवती फिरत जागोजागी हात लावून पाहिला. मागच्या ब्रेकच्या दिव्याची काच हाताला गरम लागली. काचेवर बोटभर धूळ, आणि मोटार रोज भिंतीला पाठ लावून उभी. दिसणार कुणाला? धूळ पुसली तर दिवा लखलखीत, आणि ब्रेकवर तर कुणाचा पायही नाही. गनी खुलला. मोटारीखाली शिरून त्यानं ब्रेकच्या स्विचची एक वायर सोडली. दिवा विझला. जोडली, पेटला. म्हणजे दोष स्विचपाशीच.

त्यानं तोंड वर केलं. हादऱ्यांनी सरकलेली एक तार स्विचच्या दोन्ही स्क्रूंवर आडवी बसली होती. पाय न लावताच वीज वाहत होती. तारेला एक काळं, वाळकं लिंबू लोंबत होतं.

तार खिशात टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. पडल्या पडल्या गनीला तसं वाटलंही, खोटं कशाला सांगा. पण तिथून हिलालचे पाय दिसत होते. उजव्या पायाचा अंगठा सारखा माती उकरत होता.

गनी लिंबू हातात धरून बाहेर आला. "नाना, तार मन्ही शे. लिंबू बी मन्हं. हिलालनी काही चूक नही."

गल्ली पोट धरून हसली. गनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

नानांनी लिंबू निरखून पाहिलं. मग गाडीत बसत म्हणाले, "गनी, लिंबू परत बांध. पन दोरामा."

नवं लिंबू आणायला हिलाल केव्हाच धावला होता.