दुसऱ्या साक्षीदाराची सही

तक्रारदार : मी स्वतः, धंदा तहसील कचेरीसमोर अर्ज-निवेदने लिहून देणे, राहणार भोकरदन.
गैरअर्जदार : समोरच्या घरातील गृहस्थ, बसस्थानकावरचे सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक.
घटनेचा काळ : ज्वारीच्या काढणीपासून पोळ्यापर्यंत.
घटनास्थळ : गैरअर्जदाराचा जिना.
साक्षीदार : एक, माझी पत्नी, जी प्रत्येक वादात समोरच्या पक्षाला सामील असते. दोन, कोपऱ्यावरचे औषध दुकानदार, जे सर्व ऐकून हसले.

नावे मी हेतुपुरस्सर गाळली आहेत. गल्लीत विचारल्यास कोणीही सांगेल.

माझी मुलगी विद्यापीठात बियाण्यांच्या शास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेते. तिची एका सत्रासाठी नेदरलँड्समधील विद्यापीठात निवड झाली. मी स्वतः दहावीपुढे शिकलो नाही. परंतु पदवीधर माणसे माझ्या टेबलासमोर उभी राहून "साहेब, जरा वजनदार लिहा" म्हणतात, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. म्हणून त्या परदेशी विद्यापीठास उद्देशून मी एक विनंती अर्ज लिहिला. त्यात आमच्या घराण्याची परिस्थिती, मुलीची सचोटी आणि त्यांचे आमच्यावर होणारे उपकार हे सर्व क्रमाने मांडले होते. तिने वाचला व बाजूला ठेवला.

"पप्पा, तिथं कुणी उपकार करून न्हाई राह्यलं. विषय निवडायचेत, बस."

तिचे नियोजन जेवताना चाले. कोणते विषय घ्यावेत, त्यांचे गुण इकडे धरले जातील का, वसतिगृहातली खोली कशी मिळेल, व्हिसासाठी मुंबईला कधी जायचे. मला कोणी विचारत नसे. सगळे एका वस्तूवर अडले होते, ती म्हणजे पासपोर्ट. तो उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दाखवला नाही, तर जागा पुढच्या क्रमांकाच्या मुलाला जाणार होती.

चौकशीला ठाण्यातून हवालदार आले. त्यांनी चहा घेतला व सांगितले, "दोन शेजारी लागतील. मुलीला ओळखतो म्हणून सही अन् आधारची झेरॉक्स. परवा येतो."

आमच्या गल्लीत घरे मोजकी. दोघांनी कुलूप लावून नवीन जालन्यात बस्तान हलवलेले. एका घरात भाडेकरू, तेही दिवाळीत आलेले. त्यांची ओळख हवालदारांना चालेना. औषध दुकानदारांनी सही दिली. उरला गैरअर्जदार.

या गृहस्थाने आपला जिना सार्वजनिक रस्त्यावर पुढे काढून बांधला आहे. त्याविरुद्ध मी तक्रार दाखल केली व नोटीस काढवली. नोटीस काढवणे म्हणजे काय असते, ते ज्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेत त्यालाच कळेल. सुनावणी तोंडावर आली होती. अशा वेळी मुलगी मला न विचारता त्याच्या दारी गेली, आणि अट घेऊन परत आली.

"काका म्हणले, सही आत्ता करतो. पण आधी पप्पांनी तक्रार मागं घ्यायची, अन् जिन्यावर उभं राहून सगळ्यांदेखत वाचून दाखवायची."

"ही खंडणी आहे," मी म्हणालो. "तहसीलसमोर माझ्या शब्दाखातर पन्नास माणसे सही करतील."

"ते गल्लीत राहतेत का?"

पत्नी भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, त्या पन्नासातल्या कितीजणांवर तुम्ही अर्ज ठोकलेत, ते आधी आठवा."

मी नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न होता. माझ्या हातून आजवर एकही तक्रार मागे गेलेली नाही, आणि जाणारही नव्हती. मुलगी रडली नाही, भांडली नाही. तिने मोबाइल घेतला व विभागप्रमुखांना संदेश लिहू लागली : पुढच्या मुलाला कळवावे. मी तिच्या खांद्यावरून वाचले. संदेशात कारण लिहिले होते, "घरगुती अडचण". ती अडचण मी होतो.

"थांब," मी म्हणालो. "मंग कागद आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बेकायदेशीर बांधकामावर उभा राहिलो. गैरअर्जदार बनियन घालून वरच्या पायरीवर बसलेला.

"या, वकीलसाहेब! पायरी बराबर हाय ना? घसरायची बिलकुल न्हाई, मजबूत केली." मग त्याने बसस्थानकावरचा आवाज काढला. "गल्लीतल्या तमाम प्रवाशांनी लक्ष द्यावं! तक्रार मागं सुटून राह्यली!"

औषध दुकानदार हसले, ते मी वर नोंदवले आहेच. मी वाचले. आवाज खाली येऊ दिला नाही.

"त्यात 'स्वखुशीने' न्हाई आलं," तो म्हणाला. "टाका."

मी टाकले व त्याखाली सही केली. मग त्याने गुडघ्यावर पासपोर्टचा कागद ठेवून दुसऱ्या साक्षीदाराची सही केली आणि मुलीकडे पाहून म्हणाला, "पोरगी वाघीण हाय. बापावर न्हाई गेली, देवाची कृपा."

यावर मुलगी हसली. हे मी पाहिले.

पासपोर्ट आला, व्हिसा मिळाला, पोळ्याआधी ती गेली. तिकडे पोहोचल्यावर तिने गल्लीतल्या सर्वांना फोनवर संदेश पाठवला, की काकांच्या सहीमुळे मी आज इथे आहे. गैरअर्जदार तो संदेश दुधवाल्यापासून हवालदारापर्यंत सर्वांना दाखवतो. मलाही दाखवला. त्याच संदेशाच्या खालच्या ओळीत माझे आभार आहेत, बॅग बसपर्यंत उचलल्याबद्दल.

तरी माझी मुलगी, हल्ली मुक्काम परदेश, हिला या लेखाद्वारे विचारण्यात येते, की ती ज्या सहीमुळे गेली ती सही नेमकी कोणाची : गैरअर्जदाराची, की त्याच्या जिन्यावर उभे राहून 'स्वखुशीने' या शब्दाखाली जी मला करावी लागली ती? याचा खुलासा मराठीत, कागदावर व स्वतःच्या अक्षरात यावा. फोनवरचे बोलणे किंवा हसरी चित्रे उत्तर म्हणून स्वीकारली जाणार नाहीत. सत्र संपण्याची वाट पाहू नये. मी रोज टपाल बघतो.