फिनलंडकाकांची टेप

आमच्या इमारतीतले फिनलंडकाका फिनलंडला कधीच गेले नव्हते. त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता. तरी ऐंशीच्या दशकात, डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या आमच्या तीन मजली सोसायटीत, फिनलंडमधली जंगलं कोणाच्या मालकीची आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होतं. दूधवाल्यालासुद्धा.

काका एका वर्तमानपत्राच्या कागदाच्या गोदामात कारकून होते. कागदाची रिळं फिनलंडहून येत, आणि सोबत कधीमधी तिथल्या गिरणीची माहितीपुस्तिका. ती घरी आणून काका डिक्शनरी घेऊन वाचत. मी त्याच वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. त्या कागदावर आम्ही काय छापतो, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

"तिकडे जंगल सरकारचं कमी, साध्या घरांचं जास्त," ते जिन्यात गाठून सांगत. "मास्तर, नर्स, पोस्टमन. तुमचा गावी आंब्याचा वाटा असतो ना, तसा त्यांचा जंगलाचा. आणि आराखडा असतो. कुठलं झाड कधी तोडायचं, सगळं लिहून."

"तोडायचं?"

"मग काय पुजायचं? तोडायचं आणि पुन्हा लावायचं. कायदाच आहे तसा."

काकांचं स्वतःचं जंगल म्हणजे आवारातलं एक जांभूळ. राहायला आले त्या वर्षी त्यांनी ते लावलं होतं. फिनलंडमध्ये दुसऱ्याच्या जंगलातही कोणीही फिरावं, फळं वेचावीत, फक्त झाडाला धक्का लावू नये, असा रिवाज असल्याचं त्यांनी वाचलं आणि बुंध्याला पाटी टांगली: 'खाली पडलेलं सर्वांचं. फांदीवरचं झाडाचं.' मे-जूनमध्ये गल्लीतली सगळी पोरं जांभळ्या पायांनी जिना चढत. काकू फडकं घेऊन मागे.

"जिना कोण पुसतं, ते नाही का दिलंय पुस्तकात?" त्या विचारत.

नव्वदीत सोसायटीत स्कूटर वाढल्या. सेक्रेटरींना शेड हवी होती आणि जांभूळ नेमकं शेडच्या जागी होतं. गच्चीवर सभा भरली. काका आराखडा घेऊन आले. टाइप केलेली चार पानं त्यांनी उभं राहून वाचली. शेवटचं कलम असं होतं: 'बुंध्याभोवती शिवणाची टेप पुरेनाशी झाली, की झाड पक्व समजून तोडावे.'

"म्हणजे तोडणं तुम्हालाही मान्य आहे," सेक्रेटरी म्हणाले. "मग ठराव असाच लिहितो. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की माप घ्या."

"लिहा की."

"पण सही मालकाची लागेल, काका. फ्लॅट काकूंच्या नावावर आहे."

जंगलाच्या मालकीवर इतकी वर्षं बोलणारा हा गृहस्थ सोसायटीच्या कागदोपत्री कशाचाच मालक नव्हता. गच्चीवर हशा पिकला. काकूंनी पदर खोचला आणि सही केली. "मालक मी आहे, हे आज कळलं. इतकी वर्षं पानं झाडत होते."

पुढे दर सव्वीस जानेवारीला काका टेप घेऊन झाडाशी जात. सेक्रेटरी जिलेबीची बशी घेऊन लांबूनच विचारत, "पुरली का हो?" काका सांगत, "पुरली. चार बोटं उरली." पुढच्या वर्षीही चारच बोटं उरली. त्याच्या पुढच्याही. झाड वाढायचं थांबलं, असं सेक्रेटरींचं मत झालं. त्यांनी केमिकल कंपन्यांना दोष दिला.

काका एका दिवाळीनंतर, तीन दिवसांच्या आजारात गेले. सव्वीस जानेवारीला काकू टेप घेऊन स्वतःच खाली आल्या.

"या वर्षी नीट माप होऊ दे," सेक्रेटरी म्हणाले. "शेडवाल्याला सांगून ठेवलंय."

"भाऊ, तुम्ही टोक धरा," काकू मला म्हणाल्या.

मी भिंतीच्या बाजूला गेलो. अंगठ्याखाली काहीतरी टोचलं. टेपला जोड होता. साठाचा आकडा संपल्यावर दुसऱ्या टेपचा तुकडा सुरू होत होता, आणि तोही दहापासून. पिवळ्यावर पिवळा दोरा, बारीक, सरळ मशीनची शिलाई. काकांना सुईत दोरा ओवता येत नसे. इमारतीत शिलाई मशीन एकच होतं.

मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

"पुरली का हो?" सेक्रेटरींनी विचारलं.

"धरा नीट," काकू हळू म्हणाल्या.

वर्तमानपत्राच्या नोकरीत एखादा आकडा चुकला, तर दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती छापत असे. हा एक आकडा मी अजून दुरुस्त केलेला नाही.

"पुरली," मी म्हणालो. "चार बोटं उरली."