एकशे साठ व्होल्टचा माणूस

हिलाल नानांनी आयुष्यभर वीज सांभाळली. दीपनगरच्या वीज केंद्रातल्या कंट्रोल रूममध्ये तेहेतीस वर्षं त्यांची नजर व्होल्टमीटरच्या काट्यावर असे. काटा जरा हलला की नाना खुर्चीत ताठ. अशा माणसाला व्होल्टेजने फसवावं, तेही पन्नासहून जास्त वर्षं, याला दिव्याखाली अंधार म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

सुरुवात पहूरची, नानांच्या गावची. नानांचे मामा भुसावळला रेल्वेत खलाशी होते. रेल्वे कॉलनीतलं एका अँग्लो-इंडियन गार्डाचं कुटुंब कायमचं परदेशी निघालं आणि जाताना रेकॉर्ड प्लेअर आणि अकरा रेकॉर्डी मामांच्या गळ्यात मारून गेलं. मामांनी ते सगळं पहूरला बहिणीकडे आणून टाकलं. हिलाल तेव्हा बारा वर्षांचा आणि त्याची थोरली बहीण रत्ना, म्हणजे अक्का, सोळाची. दिवसभर शाळा, शेत, म्हशी. संध्याकाळी वडील पारावर गेले की दोघं प्लेअर लावत. नेमके त्याच वेळी शिवारातल्या विहिरींवरचे पंप चालू होत आणि घरातला बल्ब तांबडा पडे. अक्का मान वर करून बल्बाकडे बघे, म्हणे, "लागले पंप," आणि मग सुई ठेवी. हा तिचा रोजचा नेम होता.

अकरांपैकी एक गाणं दोघांच्या जिवाचं. त्यात एक माणूस गायचा. विहिरीच्या तळातून यावा तसा जड, ओला आवाज, आणि कसलीच घाई नाही. बाकीच्या रेकॉर्डींवरची मंडळीही तशी निवांतच गात. साहेब लोकांना कसली आलीय घाई, असं पोरांनी धरून ठेवलं होतं. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. रेकॉर्डवरचा नावाचा कागद उंदरांनी खाल्ला होता. धृपदाची ओळ त्यांना "घे ना पानी" अशी ऐकू येई, म्हणून हा भला माणूस कुणाला तरी पाणी देतोय असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

पुढे अक्का लग्न होऊन एरंडोलला गेली. त्याच साली प्लेअरची मोटर जळाली. घरात कुणाला हळहळ वाटली नाही. नानांनी रेकॉर्डी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवल्या, आणि तो माणूस त्यांच्या गळ्यात राहायला आला. न्हाणीत, ड्यूटीवर जाताना सायकलवर, नाना त्याच्यासारखेच गात. लोक म्हणत, हिलालचा आवाज भारदस्त आहे. तो कुणाचा उसना घेतलेला आहे, हे फक्त अक्काला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी नाना बोअरची जळालेली मोटर घेऊन भूषणच्या रिवायंडिंगच्या, म्हणजे जळक्या मोटरींत नवी तार भरायच्या, दुकानात गेले, तेव्हा बसल्या बसल्या गुणगुणत होते. भूषण म्हणजे वरातीच्या बँडमध्ये ड्रम वाजवून हात तयार झालेला गडी. वडिलांच्या दुकानाचा दुरुस्त झालेला पंखा न्यायला प्रियल आली होती, भुसावळच्या कापड दुकानदाराची मुलगी. ही घरच्यांची नजर चुकवून गिटार शिकलेली. तिने कान टवकारले.

"नाना, हे ऱ्हिदम अँड ब्लूज आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जुनी गाणी."

"आसंल," नाना म्हणाले. "आमी त पहूरचीच समजू राह्यलो व्हतो."

तिथून दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली येऊ लागलं. तांब्याच्या तारेची भेंडोळी बाजूला सारायची, नानांनी आठवेल ते गुणगुणायचं, प्रियलने त्यातून गाणं सोडवून घ्यायचं आणि भूषणने ते बडवून काढायचं. अकराच्या अकरा गाण्यांना त्यांनी नवी हाडं बसवली. बँडचं नाव ठेवलं 'जळकी मोटर'. शेजारचा टायरवाला म्हणे की नाव अगदी खरं आहे, कारण आवाज तसाच येतो.

यंदा जळगावच्या एका हॉलमधल्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. नानांनी लगेच अक्काला फोन केला: आपलं गाणं गाणार आहे, तू यायचंच. गुडघे कुरकुरतात म्हणून देवळातही न जाणारी अक्का येते म्हणाली.

आता या पोरांना नानांसाठी काहीतरी करावंसं वाटलं. भूषणने तो जुना प्लेअर आणि रेकॉर्डी नानांच्या घरून गुपचूप मागवून घेतल्या, मोटर नव्याने भरली, सुई मुंबईहून पार्सलने आणवली. रविवारी नाना आले तर प्लेअर टेबलावर मांडलेला. त्यांनी स्वतः सुई ठेवली.

तडतड करत गाणं सुरू झालं आणि एक बाई गायला लागली. तरुण, तिखट, भराभर. तिला पाणीबिणी कुणाला द्यायचं नव्हतं. ती भांडतच होती.

"हे नाही," नाना म्हणाले. "दुसरी लाव."

"नाना, रेकॉर्ड तीच आहे," प्रियल म्हणाली.

भूषण डोकं खाजवत राहिला, मग त्याच्या लक्षात आलं. "पंप लागले का पहूरले दोनशे तीसचे दीडशे-एकशे साठ व्होल्ट राहत आसतीन नाना. मोटर धीमी, मंग रेकॉर्ड धीमी. बाईचा मानूस झाला."

हे नानांना समजावून सांगायची गरज नव्हती. तांबडा बल्ब डोळ्यांसमोर होता. तेहेतीस वर्षं काट्याकडे बघणाऱ्याने एवढं साधं कधी जोडून पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा दुःख मोठं होतं. एक माणूस गेला होता, आणि त्याला नावही नव्हतं की कुणाला कळवावं.

"मंग मी एवढी वर्सं कोनासारखा गात व्हतो?" नानांनी विचारलं. नानांनी चपला घातल्या. "आता मले नाही जमायचं. तू गाय पोरी, गानं बाईचंच व्हय."

दोन रविवार नाना फिरकले नाहीत. अक्काला येऊ नको म्हणायला त्यांनी चारदा फोन लावला आणि चारही वेळा पावसापाण्याचं, गुडघ्याचं बोलून ठेवून दिला. ती नवं लुगडं काढून बसली होती.

तिसऱ्या रविवारी भूषण स्कूटर घेऊन दारात आला आणि "मोटर पाहाले चला" एवढंच म्हणाला. दुकानात प्लेअरची पिन त्याने डिमरस्टॅटला लावून ठेवली होती. हा म्हणजे गोल मुठीचा ट्रान्सफॉर्मर. मूठ फिरवली की हवं तेवढं व्होल्टेज मिळतं. दुरुस्त मोटरी तो त्यावरच तपासतो.

बाई गायला लागली. भूषणने मूठ हळूहळू मागे घेतली. दोनशे. एकशे ऐंशी. बाईचं भांडण निवत गेलं, आवाज उतरत गेला, आणि एकशे साठला विहिरीच्या तळातून तो माणूस वर आला. घे ना पानी.

नाना स्टुलावर बसले आणि रडले. तोंड झाकायचंही त्यांना सुचलं नाही. गाणं संपेपर्यंत भूषणने मूठ हलवली नाही.

"आपण दोन्ही वाजवू," प्रियल म्हणाली. "मी सुरू करते. मग पंप लावू."

जळगावच्या हॉलमध्ये अक्का पहिल्या रांगेत बसली होती. बाईचं प्रकरण नानांनी तिला सांगितलंच नव्हतं. प्रियल तिखट, भराभर गायली, तेव्हा अक्का परक्या लग्नात बसल्यासारखी मांडीवर पिशवी धरून होती. मग भूषणचा ड्रम हळू व्हायला लागला. गिटार खाली उतरली. गाणं जड झालं, आणि नानांची पाळी आली.

ज्याच्यासारखं गायचं तो माणूस कधी नव्हताच, हे पुन्हा मनात आलं आणि आवाज फुटेना. भूषणने एक फेरी फुकट काढली, मग दुसरी. लोक चुळबुळ करू लागले. नानांनी अक्काकडे पाहिलं.

अक्काने मान वर केली होती. ती छताकडे, दिव्यांकडे बघत होती. हॉलमधले सगळे दिवे लख्ख होते, एकही तांबडा पडला नव्हता. तरी तिचे ओठ हलले. ड्रमच्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ते दोन शब्द नानांना पाठ होते.

सुई ठेवावी तसे नाना गायला लागले.