आगाशे सरांचा ‘रिस्पेअर’

रत्नागिरीतल्या आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये चहा थोडा आणि किस्से फार! त्यातले निम्मे आगाशे सरांचे. सर इंग्रजी शिकवतात आणि इंग्रजांनीच टाकून दिलेले जुने शब्द सांभाळतात. सगळ्यांत लाडका ‘रिस्पेअर’.

“डिस्पेअर म्हणजे आशा सुटणं, हे सगळ्यांना ठाऊक. पण सुटलेली आशा परत येते, त्यालाही शब्द होता हो! मूळ लॅटिन, ‘स्पेरारे’, आशा धरणं. यांनी निराशा तेवढी ठेवली नि हा हरवला!” असे म्हणत सर दर वर्षी चिडतात.

*

नापासाच्या पेपरावर सर ‘रिस्पेअर’ लिहितात. म्हणजे रविवारी सरांच्या घरी फुकट शिकवणी, वर काकूंच्या हातचे पोहे.

एकदा एक पालक तावातावाने आले. “माझा मुलगा पास झाला म्हणून काय झालं? त्यालाही रिस्पेअर द्या!”

*

लांज्याहून येणाऱ्या शिंदे मॅडमच्या काजूचा मोहोर अवकाळी पावसानं गेला. मॅडम रडकुंडीला आल्या. सर म्हणाले, “थांबा, रिस्पेअर येईल.”

थंडी पडली आणि खरंच नवा मोहोर फुटला! आता मॅडमचे वडील दर वर्षी फोन करतात, “सर, औंदा रिस्पेअर कधी ओ?”

*

दिवाळीनंतर काकूंना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, “त्यांच्याशी बोलत राहा. बोलतील की नाही, सांगता येत नाही.”

सर शाळेत येत, पण तास संपला की थेट घर गाठत. मी धीर करून म्हटलं, “सर, रिस्पेअर...”

“तो शब्द इंग्रजांनी उगाच नाही टाकला,” सर म्हणाले.

पण माणूस हटला नाही! रोज संध्याकाळी काकूंच्या खाटेशी बसून बोलायचा. घरचे विषय संपले तेव्हा शब्दांच्या कुळकथा सुरू केल्या. हा लॅटिनमधून आला, तो फ्रेंचमधून. काकू नुसत्या बघायच्या. असा नवरा आम्ही तरी दुसरा पाहिलेला नाही.

एका सोमवारी सर पेढे घेऊन आले. डोळे भरलेले.

“बोलली!”

आम्ही सगळे उठून उभे राहिलो. “काय बोलल्या काकू?”

सरांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

“म्हणाली, ‘पुरे!’”