गोदामातला ठोका

गल्लीतले सगळे तिला आत्याच म्हणत. धंदा गाद्यांचा. वडिलांनी गोदाम तिच्या गळ्यात बांधलं आणि स्वतः सुटले. तिचे केस वयानं पांढरे झाले की कापसानं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

भाच्यानं, भावाच्या मुलानं, मित्र जमवून दर शनिवारी तिथे गाणी लावायला सुरुवात केली. भिंतींना, दारालाही आतून गाद्या. शेजाऱ्यांची कटकट नाही. शब्द, सूर सगळं गाद्या गिळायच्या, बाहेर यायचा तो नुसता ठोका. आत शिरायला रांगेत ताटकळणाऱ्यांना तोच आवडला, म्हणून पोरं तेवढाच वाजवू लागली. कोपऱ्यावरच्या कॅसेटवाल्यानं फळीवर चिठ्ठी लावली, ‘गोदामात वाजतं ते’. चिठ्ठी फाटत फाटत ‘गोदाम’ उरलं आणि त्या संगीताचं तेच नाव पडलं. आता परगावची मुलंही विचारायची, “गोदाम ऐकता का?”

धाकट्या बहिणीनं तिच्या गावी कधीचं बोलावलं होतं. “ताई, ये की आता. खोली झाडून ठेवलीय.”

आत्या निघाली की भाचा आडवा. “तू गेलीस तर गोदाम कसलं?”

“नाव तुमचं, मिरवणं तुमचं, आणि खुंट्याला मी?”

त्या शनिवारी तिनं कुणाला सांगितलंच नाही. संध्याकाळची शेवटची बस होती. पिशवी बाहेर ठेवून ती वडिलांचा गाद्या शिवायचा दाभण घ्यायला आत गेली, तोच वाऱ्यानं दार लागलं आणि बाहेरची कडी पडली.

तिनं हाका मारल्या. गाद्यांनी गिळल्या. मग मुठी आपटल्या. दारातल्या तळहाताएवढ्या काचेतून रांग दिसत होती. आतल्या अंधारात ती मात्र कुणाला दिसेना. रांगेतल्या माना डोलू लागल्या. आत मित्रच वाजवताहेत असं समजून भाचाही टाळ्या वाजवत होता. चिडून तिनं आणखी जोरात ठोसे मारले. रांग आणखी रंगात आली.

शेवटी ती मटकन खाली बसली. हात मांडीवर ठेवले. स्वस्थ.

थोड्याच वेळात कडी वाजली.

“आत्या, तू होतीस? बंद का केलंस, झकास चाललं होतं!”

“तुझ्या बापानं तरी माझी हाक कधी ऐकली होती?”

पिशवी उचलून ती थांब्यावर पोचली, तेव्हा बस गेलेली होती. भाचा धापा टाकत मागे आला. “घरी चल ना. सकाळच्या बसला मी सोडतो.”

“नको. इथेच बसते,” ती म्हणाली. “आत आले की दार लागतं.”

तो परत गेला. जरा वेळानं ठोका सुरू झाला. तो थांब्यापर्यंत ऐकू येत होता. आत्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि सकाळची वाट बघत बसली.